नावाचे वतन : टस्कनीच्या तेलाची कहाणी

सन 1716 च्या सप्टेंबर महिन्याच्या 24 तारखेस टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने एक जाहीरनामा काढला, आणि कियान्ती, पोमिनो, कार्मिन्यानो व वरचे वाल्दार्नो या चार मुलुखांच्या सरहद्दी त्यात नावनिशीवार आखून देऊन, या सरहद्दींच्या आत पिकलेल्या मद्याखेरीज अन्य कोणत्याही मद्यास ही नावे लावता येणार नाहीत, असे फर्मावले. मेदिची घराण्याची सत्ता त्यानंतर जेमतेम 21 वर्षे टिकली. परंतु त्या जाहीरनाम्यातील विचार राजवंशाहून दीर्घायुषी ठरला. मुलुखाचे नाव ही कोणा एका सावकाराची वा व्यापाऱ्याची खाजगी मिळकत नसून त्या मातीत राबणाऱ्या सर्वांची ती सामाईक मिळकत आहे, तिला चतुःसीमा असते, आणि शेताच्या बांधाइतकीच तिचीही राखण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हा तो विचार होय.

ज्या टेकड्यांवरील द्राक्षमळ्यांसाठी हे फर्मान निघाले, त्याच टेकड्यांवर वेलींच्या रांगांना लागून ऑलिव्हची झाडे उभी होती. परंतु मद्य लौकिकानिशी दूरदेशी जाई, तर तेल बहुतांशी घरात, मठात आणि गावच्या बाजारात खपे. त्यामुळे मद्याच्या नावाची राखण करण्याची निकड जितकी लवकर भासली तितकी तेलाच्या नावाची भासली नाही. ‘तोस्कानो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेलास कायद्याचे छत्र लाभले ते मार्च 1998 मध्ये, म्हणजे कोसिमोच्या जाहीरनाम्यानंतर सुमारे 280 वर्षांनी. मधल्या काळात या नावाचे काय झाले, ते परत मिळविण्यासाठी काय करावे लागले, आणि मिळालेले संरक्षण कोठवर पुरते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

प्रथम मुलुखाचा आणि झाडाचा संबंध नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण नावाचा सारा हक्क त्या संबंधावर उभा आहे. ऑलिव्ह हे भूमध्य समुद्राच्या उबदार किनाऱ्यांवर सुखाने नांदणारे झाड. उन्हाळ्याचा कोरडेपणा ते निमूटपणे सोसते, खडकाळ जमिनीत तग धरते, शतकानुशतके जगते. मात्र पारा शून्याखाली सात-आठ अंशांच्या पलीकडे उतरला की त्याचा जीव धोक्यात येतो. टस्कनीचा अंतर्भाग या झाडाच्या सुखवस्तीच्या उत्तर सीमेवर वसलेला आहे. दक्षिणेकडे फळ झाडावर सावकाश पिकू देता येते. टस्कनीच्या शेतकऱ्याला तेवढी उसंत नसते. थंडीचा पहिला तडाखा बसण्यापूर्वी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, फळ अर्धे हिरवे आणि अर्धे जांभळे असतानाच त्याला तोडणी उरकावी लागते. अशा अर्धपक्व फळातून तेल कमी निघते. 100 किलो फळामागे 12 ते 15 किलो तेल हाती आले तरी तो समाधान मानतो. पण फळातील कडू-तिखट द्रव्ये, ज्यांना रसायनशास्त्रज्ञ पॉलिफेनॉल म्हणतात, ती या अवस्थेत विपुल असतात, आणि तीच तेलात उतरतात. टस्कनीच्या तेलाची ख्यात चव ही अशा रीतीने तेथील थंडीच्या धास्तीतून जन्मास आली आहे.

या चवीचे वर्णन करणे अवघड नाही. ताज्या कापलेल्या गवताचा, कच्च्या बदामाचा आणि आर्टिचोकच्या पानांचा वास. जिभेवर प्रथम फळाचा गर, मग स्वच्छ कडवटपणा. आणि घोट उतरल्यावर घशाशी मिरीसारखा झणका, जो नवख्या माणसाला खोकावयास लावतो. या झणक्याचे कारण पुष्कळ काळ अज्ञात होते. फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी 2005 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले की, ऑलियोकँथल नावाच्या द्रव्यामुळे ही चुणचुण होते, आणि आयबुप्रोफेन हे वेदनाशामक औषध शरीरातील ज्या विकरांना आवर घालते त्यांनाच हे द्रव्यही आवर घालते. घशाला लागणारा हा तिखटपणा दोष नसून तेल ताजे आणि सकस असल्याची ती खूण आहे, ही गोष्ट टस्कनीचे शेतकरी विज्ञानाची साक्ष न घेता पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते.

झाडांच्या जातींचाही या चवीत वाटा आहे. फ्रांतोयो ही जात फळाचा दरवळ देते; मोरायोलो खडकाळ उतारांवर तगते आणि तेलाला कडवटपणा व टिकाऊपणा देते; लेच्चिनो सौम्य असून थंडीला त्यातल्या त्यात दाद देत नाही; आणि झुकत्या फांद्यांची पेंदोलिनो शेजारच्या झाडांना पराग पुरविण्यासाठी मुद्दाम मधून मधून लावतात. या जातींचे प्रमाण ज्यांनी टेकडी-टेकडीगणिक ठरविले ते शेतकरी बहुधा जमिनीचे मालक नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टस्कनीची शेती अर्धेलीने चाले. जमीन मालकाची, श्रम कुळाचे, आणि उत्पन्न निम्मे निम्मे. 1964 साली कायद्याने असे नवे करार करण्यास मनाई झाली. तोवर पुष्कळशी कुळे शहरांतील कारखान्यांकडे निघूनही गेली होती. त्या कुळांनी दगडावर दगड रचून बांधलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या ताली आणि त्यांवरील झाडे मात्र मागे राहिली. आज ज्याला आपण प्रादेशिक वैशिष्ट्य म्हणून गौरवितो, ते या अनाम माणसांनी घडविलेले आहे, याचे विस्मरण होऊ देता कामा नये.

तोडणीच्या दिवसांत या टेकड्यांवर जे काम चालते ते जवळून पाहण्याजोगे असते. झाडाखाली जाळी अंथरतात. शिडीवर चढलेली माणसे हातांनी अथवा लहान दाताळ्यांनी फांद्या विंचरीत जातात, आणि फळे जाळीवर सडा पडावा तशी पडत राहतात. गोणीत भरली तर ती एकमेकांच्या भाराने चेंगरतात, उबतात आणि आंबू लागतात. म्हणून उथळ, भोकांच्या क्रेटमध्ये भरून ती शक्य तर त्याच दिवशी घाण्यावर पोहोचविली जातात. तेथे पाने वाऱ्याने उडवून, फळे धुऊन, बियांसकट त्यांचा लगदा करतात, आणि तो लगदा बंद पात्रात मंद गतीने घोळवितात, म्हणजे तेलाचे सूक्ष्म थेंब परस्परांत मिसळून मोठे होतात. या वेळी उष्णता वाढविली तर तेल अधिक सुटते, पण वास उडून जातो. म्हणून ज्या तेलावर ‘थंड प्रक्रियेने काढलेले’ असे लिहावयाचे असेल त्याचे तापमान 27 अंशांच्या खाली ठेवावे, असा युरोपीय नियम आहे. शेवटी वेगाने फिरणाऱ्या यंत्रात पेंड, पाणी आणि तेल वेगळे होऊन नळीतून गढूळ, गडद हिरवी धार पडू लागते. घाण्याच्या चुलीवर भाजलेल्या, मीठ न घातलेल्या पावाच्या तुकड्यावर लसणाची पाकळी घासून, वर हे नवे तेल सढळ हाताने ओतून आणि चिमूटभर मीठ भुरभुरून खाण्याची रीत आहे. फेत्तुन्ता नावाचा हा पदार्थ म्हणजे वर्षभराच्या श्रमांची पहिली पावतीच मानली जाते.

आता या तेलाच्या नावावर परक्यांचा डोळा का आणि कसा गेला ते पाहू. तेल हा पदार्थच असा की एका मुलुखाचे तेल दुसऱ्या मुलुखाच्या तेलात बेमालूम मिसळून जाते, आणि मिसळल्यावर कोणते कोठले हे डोळ्यांनी ओळखू येत नाही. म्हणूनच तेलाच्या व्यापारात कागदोपत्री नोंदीला पुरातन काळापासून महत्त्व आहे. रोम शहरात मोंते तेस्ताच्चो नावाची सुमारे 35 मीटर उंचीची एक टेकडी आहे. ती सबंध टेकडी तेलाच्या फुटक्या रांजणांच्या खापऱ्यांची बनलेली आहे. हे रांजण मुख्यतः दक्षिण स्पेनमधून साम्राज्याच्या राजधानीत येत, आणि त्यांच्या अंगावर रिकाम्या रांजणाचे वजन, तेलाचे वजन, व्यापाऱ्याचे नाव, माल तपासणारे ठाणे आणि वर्ष, असा तपशील शाईने लिहिलेला आढळतो. तेल कोठून आले हे लिहून ठेवल्यावाचून व्यवहार शुद्ध राहत नाही, हे रोमन कारकुनांना पक्के ठाऊक होते.

टस्कनीत मात्र व्यापार वाढला आणि लेखी शिस्त मागे पडली. एकोणिसाव्या शतकात लुक्का शहराच्या तेलाला इंग्लंड-अमेरिकेत मोठा लौकिक लाभला. तेथील पेढ्या भरभराटीस आल्या. आणि मागणी आसपासच्या टेकड्यांच्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा भूमध्य समुद्राभोवतीच्या निरनिराळ्या देशांतील तेल आणून, मिसळून, बाटलीबंद करून पाठविणे हाच तेथील मुख्य धंदा होऊन बसला. हा धंदा बेकायदा नव्हता आणि आजही नाही. वेगवेगळी तेले मिसळून वर्षानुवर्षे एकसारखी चव राखणे यातही कसब आहे. इटलीत जेवढे तेल पिकते त्याहून अधिक ती खाते आणि निर्यात करते. तेव्हा स्पेन, ग्रीस, ट्युनिशिया येथून आयात करणे तिला भागच आहे. अन्याय होता तो निराळाच. बाटलीवर सरूच्या झाडांची रांग, टेकडीवरचे दगडी घर आणि एखादे टस्कन भासणारे नाव छापले, की आतील तेल कोठलेही असले तरी गिऱ्हाईक टस्कनीच्या भरवशावर पैसे मोजी. आणि ज्यांच्या श्रमांनी तो भरवसा निर्माण केला होता त्या टेकडीवरच्या शेतकऱ्याला त्याच मिश्र तेलाच्या भावाशी झुंजावे लागे.

अशा स्थितीत जानेवारी 1985 चा गारठा आला. महिन्याच्या मध्यास फ्लॉरेन्सजवळच्या पेरेतोला विमानतळावर पारा शून्याखाली 23 अंशांपर्यंत उतरला. झाडांच्या सालींत गोठलेल्या रसाने सालीच चिरल्या, आणि शेकडो वर्षांची झाडे उभ्या जागी करपून काळी पडली. टस्कनीतील बहुसंख्य ऑलिव्ह त्या थोड्या दिवसांत जमिनीच्या वरच्या अंगाने मेले. परंतु या झाडाचे मूळ चिवट असते. शेतकऱ्यांनी मेलेले बुंधे जमिनीलगत कापून काढले, बुडख्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांतील जोमदार तेवढे राखले, आणि काही वर्षांनी त्यांना पुन्हा फळ धरले. आजही टस्कनीत एका बुडख्यातून दोन-तीन खोडे वर आलेली झुडपासारखी झाडे जागोजाग दिसतात. ती त्या वर्षाची निशाणी आहे. इतका खर्च आणि इतकी वर्षे घालून झाडे पुन्हा उभी करावयाची, तर त्यांच्या तेलाला स्वतःचे नाव आणि नावाचे मोल मिळाले पाहिजे, ही गोष्ट त्या आपत्तीने जितकी उघड केली तितकी कोणत्याही युक्तिवादाने केली नसती.

कायद्याची वाटही याच सुमारास मोकळी होत होती. युरोपीय समुदायाने 14 जुलै 1992 रोजी कृषिपदार्थांच्या भौगोलिक नावांच्या रक्षणाचा नियम संमत केला आणि दोन प्रकारचे हक्क निर्माण केले. पहिला, ज्याला इटलीत डीओपी म्हणतात, तो संरक्षित मूळस्थानाचा. यात पिकविण्यापासून तयार करण्यापर्यंतची सर्व कामे नेमलेल्या मुलुखातच झाली पाहिजेत. दुसरा, आयजीपी, तो संरक्षित भौगोलिक निर्देशाचा. यात निदान एखादी पायरी त्या मुलुखात घडणे आणि मालाचा लौकिक वा गुण त्या मुलुखाशी निगडित असणे पुरेसे असते. रोमच्या ईशान्येकडील साबिना, रोमान्यामधील ब्रिसिगेल्ला अशी काही तेले 1996 साली प्रथम डीओपीच्या नोंदवहीत दाखल झाली; टेकड्यांवर दगडी तालींची माळ ल्यालेल्या लिगुरियाचे रिव्हिएरा लिगुरे 1997 साली आले; आणि 1998 साली ‘तोस्कानो’ आयजीपी म्हणून नोंदले गेले. आज इटलीत अशी चाळीसहून अधिक तेले आहेत.

येथे टस्कनीच्या उत्पादकांनी दाखविलेली निष्ठा वाखाणण्यासारखी आहे. आयजीपीचा नियम त्यांना पुष्कळ सवलत देत होता. परंतु त्यांनी स्वतःच्या नियमपत्रात फळ टस्कनीचे, घाणा टस्कनीतील आणि बाटली भरणेही टस्कनीतच, असे कलम घालून घेतले. तेलाची आम्लता, जिच्यावरून फळ निरोगी होते की नासके हे कळते, ती युरोपीय कायद्याप्रमाणे अव्वल दर्जाच्या तेलात 0.8 टक्क्यापर्यंत चालते. तोस्कानोने ती 0.6 टक्क्यावर आणून ठेवली. नावाची प्रतिष्ठा वाढवावयाची तर प्रथम नाव धारण करणाऱ्यांनी आपणांवर निर्बंध लादून घेतले पाहिजेत, हे तत्त्व त्यांनी ओळखले. आपल्याकडील जुन्या वतनाला जशी चाकरी जोडलेली असे, आणि चाकरीत कसूर झाली की वतनाचा दावा लंगडा पडे, तसाच हा हक्क आहे. तो वंशपरंपरेने भोगावयाचा, पण गावाची सेवा करून.

या हक्काची धार किती, हे एका नियमावरून कळते. युरोपात ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवर देशाचे नाव लिहिता येते, किंबहुना 1 जुलै 2009 पासून अव्वल आणि त्याखालच्या दर्जाच्या नैसर्गिक तेलांवर ते लिहिणे सक्तीचे आहे. फळ एका देशातले आणि घाणा दुसऱ्या देशातला असेल तर दोन्हींचा उल्लेख करावा लागतो. आणि मिश्र तेल असेल तर तसे सांगावे लागते. परंतु देशाहून लहान मुलुखाचे, प्रांताचे वा टेकडीचे नाव लिहिण्याची मुभा केवळ नोंदणीकृत डीओपी वा आयजीपी तेलांनाच आहे. म्हणजे टस्कनीत जन्मलेले, टस्कनीत गाळलेले, सर्वथा निर्भेळ तेलदेखील तपासणीच्या व्यवस्थेत सामील झाल्यावाचून आपल्या मातीचे नाव सांगू शकत नाही. शिवाय नोंदलेल्या नावाची नक्कल, त्याचा भास निर्माण करणारे शब्द, ‘अमुक पद्धतीचे’ असली पळवाट, हे सर्व निषिद्ध आहे. ‘पार्मेझान’ हा शब्द ‘पार्मिजानो रेज्जानो’ या चीजची आठवण करून देतो, म्हणून त्याचा स्वैर वापर त्या हक्काचा भंग ठरतो, असा निर्वाळा युरोपीय न्यायालयाने 2008 साली दिला, तो याच तत्त्वाला अनुसरून.

परंतु कायद्याचे शब्द कागदावर असतात, आणि मिसळ होते ती टाकीत. म्हणून खरा बंदोबस्त आहे तो हिशेबाचा. शेतकऱ्याची जमीन आणि झाडे दप्तरी नोंदलेली असतात. घाण्यावर किती फळ आले आणि त्यातून किती तेल निघाले, ते कोणत्या टाकीत गेले, कोणी किती विकले, याची नोंद राष्ट्रीय कृषी माहिती व्यवस्थेच्या वहीत करावी लागते. इतक्या झाडांना इतकेच फळ येऊ शकते आणि इतक्या फळातून इतकेच तेल निघू शकते, हा निसर्गाचा त्रैराशिक नियम तपासनीसाच्या हातातील सर्वांत मोठे हत्यार आहे. टाकीतून नमुना घेऊन त्याची रासायनिक तपासणी होते, चव पाहिली जाते, आणि मगच तेलाच्या प्रमाणात क्रमांकित मुद्रा दिल्या जातात. तोस्कानोच्या बाटलीवरील त्या क्रमांकावरून तिचा माग मागे मागे नेता येतो. मद्यांच्या जाहीरनाम्यात कोसिमोला सरहद्द आखता आली होती. सरहद्दीच्या आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

चव पाहण्याचा विधीही गंभीरपणे पार पाडला जातो. आठ ते बारा प्रशिक्षित परीक्षक आपापल्या कप्प्यांत बसतात. तेल निळ्या काचेच्या लहान पेल्यांत दिले जाते, कारण हिरवा रंग पाहून मन अनुकूल होण्याचा संभव असतो. पेला सुमारे 28 अंशांपर्यंत कोमट ठेवून वर झाकण घालतात, म्हणजे वास कोंडून राहतो. परीक्षक आधी वास घेतो, मग लहानसा घोट जिभेवर पसरवून दातांतून हवा आत ओढतो, आणि फळाचा गंध, कडवटपणा व तिखटपणा यांना अंक देतो. खवटपणा, बुरसटपणा, आंबटसर मद्यासारखा वास, ढिगात उबलेल्या फळांचा कुबट दर्प, हे दोष सर्वांनी मिळून नोंदले तर ते तेल अव्वल दर्जातून बाद होते. इतक्या यंत्रांच्या युगातही अखेरचा निवाडा माणसाच्या रसनेवर सोपविलेला आहे, ही गोष्ट मला मोठी आश्वासक वाटते.

या व्यवस्थेवर आक्षेप नाहीत असे नाही, आणि त्यांतील काही रास्त आहेत. तपासणीचा खर्च आणि नोंदींचा व्याप मोठ्या बागाइतदाराला सोसतो. पण शे-दोनशे झाडांच्या वृद्ध मालकाला, ज्याचे तेल कदाचित सर्वांत सरस असते, तो भार वाटतो, आणि तो नाव न लावता शेजारीपाजारी तेल विकून मोकळा होतो. दुसरा आक्षेप नावांच्या गर्दीचा आहे. एका टस्कनीतच तोस्कानोच्या जोडीला कियान्ती क्लासिको, तेर्रे दी सिएना, लुक्का आणि आमियाता पर्वताच्या उतारावरील सेज्जानो अशी डीओपी तेले आहेत. दूरच्या गिऱ्हाइकाला हा भेद उमगत नाही. तरीही मला असे वाटते की टेकडी-टेकडीच्या तेलात भेद असेल तर तो नावात उतरणेच न्याय्य आहे; गिऱ्हाइकाला शहाणे करणे हे त्यावरचे औषध आहे, भेद पुसून टाकणे नव्हे.

तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. कायदा नावाला कुंपण घालू शकतो, झाडाला फळ आणू शकत नाही. 2014 साली उबदार हिवाळा आणि पावसाळी उन्हाळा यांमुळे ऑलिव्हच्या माशीने टस्कनीसह इटलीच्या मोठ्या भागात असा धुमाकूळ घातला की काही नामांकित उत्पादकांनी त्या वर्षी तेल काढण्याचेच टाळले. नाव राखण्यासाठी एखादे वर्ष रिकाम्या हाताने बसणे हीदेखील या हक्काला जोडलेली चाकरीच होती.

इटलीच्या टाचेशी, पुलिया प्रांतातील सालेंतो द्वीपकल्पात, जे घडले ते याहून दारुण आहे. येथील गाल्लिपोली बंदरातून एके काळी युरोपातील शहरांचे दिवे उजळणारे तेल जहाजे भरभरून जाई, आणि ते गाळण्यासाठी जमिनीखाली खडकात कोरलेले घाणे आजही तेथे पाहावयास मिळतात. या मुलुखाच्या ‘तेर्रा दोत्रांतो’ नावाच्या तेलास 1998 साली डीओपी हक्क मिळाला, आणि त्याचे नियमपत्र चेल्लिना दी नार्दो व ओल्यारोला या दोन स्थानिक जातींच्या पायावर उभे राहिले. 2013 साली गाल्लिपोलीच्या परिसरात वाळू लागलेल्या झाडांत झायलेला फास्टिडिओसा हा जीवाणू आढळला. एक लहानसा, झाडाचा रस शोषणारा कीटक तो झाडोझाड नेतो. हा जीवाणू झाडाच्या जलवाहिन्या तुंबवितो, आणि रोग जडलेल्या झाडास बरे करणारा उपाय नाही. लाखो झाडे, त्यांत शतकांची साक्ष असलेली प्रचंड खोडे, राखाडी सांगाडे होऊन उभी राहिली. आणि या रोगाला सर्वाधिक बळी पडल्या त्या नेमक्या चेल्लिना व ओल्यारोला या दोन जाती, ज्यांच्यावर संरक्षित नाव आधारलेले होते. तग धरताना दिसली म्हणून नव्या लागवडीस मुभा मिळालेली एक जात आहे लेच्चिनो, टस्कनीच्या टेकड्यांची.

या घटनेने एक मूलभूत प्रश्न पुढे केला आहे. मुलुखाचे नाव नेमके कशाचे? मातीचे, जातीचे, की माणसांचे? सालेंतोच्या मातीत सालेंतोच्या शेतकऱ्याने वाढविलेल्या लेच्चिनोचे तेल हे सालेंतोचे म्हणावे की नाही? माझ्या मते याचे उत्तर कोणत्याही एका घटकात शोधणे चुकीचे ठरेल. चव ही माती, हवा, जात आणि रीत यांच्या दीर्घ सहवासातून येते. त्यांतील एक घटक आपत्तीने हिरावला गेला तर उरलेल्यांनी नवा सहवास घडविला पाहिजे, आणि त्या सहवासाला प्रामाणिकपणे, जुन्या चवीची बतावणी न करता, नाव दिले पाहिजे. युरोपीय कायद्यात नियमपत्र सकारण बदलून घेण्याची तरतूद आहे. ज्या नावाची माणसे मुलूख सोडून जात नाहीत त्या नावाला भवितव्य असते.

या साऱ्याचा आपणांशीही संबंध पोहोचतो. जागतिक व्यापार संघटनेच्या ज्या करारनाम्याने भौगोलिक नावांना आंतरराष्ट्रीय मान्यता दिली, त्याच्या 23 व्या कलमाने मद्यांना कडक संरक्षण दिले आणि तेल, तांदूळ, चहा, आंबा यांना लोकांची दिशाभूल झाल्याचे दाखवून द्यावे लागेल अशा दुय्यम पायरीवर ठेवले; ही पायरी सर्व पदार्थांसाठी समान करावी, अशी मागणी करणाऱ्यांत भारत अग्रभागी राहिला आहे. भारताचा स्वतःचा कायदा 1999 साली संमत होऊन 15 सप्टेंबर 2003 पासून अंमलात आला. दार्जिलिंगच्या चहाला 2011 साली युरोपनेही संरक्षण दिले. आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला 2018 साली नोंदणी मिळाली. तरीही परप्रांतीचा आंबा देवगडच्या नावाने पेटीत भरला जातो ही कोकणच्या बागाइतदाराची तक्रार संपलेली नाही, कारण नोंदणीनंतर झाडाझाडाचा आणि पेटीपेटीचा हिशेब ठेवण्याची जी शिस्त टस्कनीने अंगी बाणविली, ती आपल्याकडे अद्याप कच्ची आहे.

शेवटी या हक्काचा आणखी एक राखणदार जो गिऱ्हाईक, त्याचेही कर्तव्य सांगितले पाहिजे. तांबड्या-पिवळ्या मुद्रेचा अर्थ डीओपी आणि निळ्या-पिवळ्या मुद्रेचा अर्थ आयजीपी. मुलुखाचे चित्र असून मुद्रा नसेल तर ते चित्र पुरावा म्हणून धरू नये. तोडणीचे वर्ष पाहावे, कारण हे तेल जुने होऊन सुधारत नाही. आणि घशाला लागणारा झणका नाकारू नये. एवढे ज्ञान ज्याच्यापाशी आहे आणि योग्य तो दाम देण्याची ज्याची तयारी आहे, तो दूरदेशी राहूनही त्या टेकडीवरची एक ताल सावरून धरतो. राज्य सरहद्द आखते, तपासनीस हिशेब पाहतो, शेतकरी झाड जगवितो, आणि विकत घेणारा त्या झाडाच्या जगण्याचा खर्च उचलतो. या चौघांपैकी एकानेही आपली चाकरी टाकली तर उरलेल्या तिघांच्या हाती मुद्रा राहील, तेल राहणार नाही.